अळ्यांचे चरित्र लिहिणारी मारिया मेरियन

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. प्लॉट कसे पडले, कर्ज कसे मंजूर झाले, बोअरला पाणी कितव्या फुटाला लागले, हे सगळे आपले संस्थापक सभासद लिहिणारच आहेत आणि त्यांनीच ते लिहावे. मी विषय जरा लांबचा घेतो. तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका जर्मन बाईचे हे चरित्र आहे. नाव मारिया सिबिला मेरियन. हिने जन्मभर अळ्या पाळल्या, त्यांची चित्रे काढली आणि वयाच्या ५२ व्या वर्षी, जेव्हा आपल्याकडे माणूस व्हीआरएसचा हिशोब मांडायला लागतो, तेव्हा अळ्या शोधायला जहाजात बसून समुद्रापार गेली.

स्मरणिकेत अळ्यांचे काय काम, असे कोणी विचारील. त्यांना मी आपल्या सभेची आठवण करून देतो. गेल्या पावसाळ्यात कढीपत्त्यावर आणि कंपाउंडलगतच्या लिंबांवर अळ्या झाल्या म्हणून फवारणी करावी की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. त्या अळ्या म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराचीच पिल्ले आहेत, लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, एवढे मी सांगितले. निम्म्या सभासदांना ती थाप वाटली. अळी, कोष आणि फुलपाखरू हा एकच जीव आहे हे शाळेत शिकूनही आपल्या मनातून पटकन उतरत नाही, मग साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना तरी नावे का ठेवावीत?

मारियाचा जन्म फ्रँकफर्ट शहरात २ एप्रिल १६४७ चा. म्हणजे तेव्हा शिवाजी महाराज सतरा वर्षांचे होते. वडील मॅथेउस मेरियन तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणारे नामांकित कारागीर आणि प्रकाशक. युरोपातल्या शहरांची त्यांनी छापलेली चित्रे आजही ओळखली जातात. मुलगी तीन वर्षांची असताना ते गेले. आईने पुढच्याच वर्षी याकोब मारेल नावाच्या चित्रकाराशी लग्न केले. सावत्र बाप म्हटला की आपल्या मनात काय काय येते, पण या माणसाने सावत्र मुलीच्या हातात कुंचला दिला. तो फुलांची चित्रे काढणारा होता. त्या काळच्या फुलांच्या चित्रात शोभेसाठी एखादी माशी, एखादे फुलपाखरू बसवायची पद्धत होती. फुले कुठलीही, माशी कुठलीही. मारियाचे पुढचे सगळे आयुष्य ही पद्धत मोडण्यात गेले.

तेराव्या वर्षी, म्हणजे १६६० मध्ये, तिने रेशमाचे किडे पाळायला घेतले. तुतीची पाने घालायची, रोज पाहायचे आणि पाहिले ते काढायचे. अंड्यातून अळी, अळी कात टाकत वाढते, स्वतःभोवती धागा गुंडाळते, आणि एके दिवशी कोषातून पतंग बाहेर येतो. रेशमाचे तिने पाहिले आणि मग बागेतल्या, कुंपणावरच्या इतर अळ्यांचेही असेच होत असेल का, हा प्रश्न तिला पडला. आज हा प्रश्न बालवाडीतला वाटतो. पण त्या वेळी भल्याभल्या विद्वानांची समजूत अशी की किडे चिखलातून, घाणीतून, कुजक्या मांसातून आपोआप तयार होतात. आपली भाषासुद्धा त्याच समजुतीची साक्ष आहे बघा. आपण म्हणतो, आंब्यात अळी पडली, तांदळात किडे पडले. जणू काही वरून पडले! कोणी अंडी घातली आणि त्यातून आले, असे आपण बोलताना म्हणत नाही. मांस कापडाने झाकून ठेवले तर त्यात अळ्या होत नाहीत, हे इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी याने प्रयोग करून छापले ते १६६८ साली. फ्रँकफर्टची ही पोरगी त्याआधी आठ वर्षे डबीत अळ्या ठेवून बसली होती.

१६६५ मध्ये तिचे लग्न सावत्र वडिलांच्याच एका शिष्याशी, योहान अँड्रियास ग्राफ याच्याशी झाले. थोरली मुलगी योहाना हेलेना १६६८ ची, धाकटी डोरोथेया मारिया १६७८ ची. मधल्या काळात बिऱ्हाड न्यूरेंबर्गला गेले. तिथे तैलरंगात चित्रे काढून विकण्याचा हक्क कारागिरांच्या संघाने पुरुषांपुरता राखलेला होता. मारियाने जलरंग घेतले. बायकांना भरतकामाचे नमुने काढून दिले, रंग विकले, श्रीमंत घरच्या मुलींचे चित्रकलेचे वर्ग चालवले. १६७५ ते १६८० च्या दरम्यान फुलांच्या चित्रांचे तिचे पुस्तक तीन भागांत निघाले, तेही मुख्यतः भरतकामाला उपयोगी पडावे म्हणून. संसाराला हातभार म्हणतात तसला हा उद्योग. पण वर्गातल्या मुलींच्या घरच्या बागांमध्ये तिला मोकळा प्रवेश मिळाला, आणि त्या बागांत अळ्या होत्या.

१६७९ मध्ये, महाराजांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, तिचे अळ्यांचे पहिले पुस्तक आले. पन्नास चित्रे. १६८३ मध्ये दुसरा भाग, आणखी पन्नास. प्रत्येक चित्रात मध्यभागी एक झाड, आणि त्याच झाडावर त्याचीच अळी, तिचा कोष, तिचे फुलपाखरू किंवा पतंग, जमले तिथे अंडीसुद्धा. कोणती अळी कोणते पान खाते, दुसरे पान दिले तर उपाशी मरते की काय, कोषात किती दिवस राहते, हे सगळे बाजूला लिहिलेले. काही कोषांतून फुलपाखराऐवजी बारीक माश्या निघाल्या, तेही तिने पाहिले आणि लपवले नाही. त्या परोपजीवी माश्या होत्या, हे पुढे उलगडले. जीव आणि त्याचे अन्न एकत्र पाहणाऱ्या शास्त्राला इकॉलॉजी हे नाव मिळाले १८६६ मध्ये. या बाईचे काम त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीचे.

या कामात कष्ट किती होते ते सांगायला हवे. आधी जिवंत अळी पाहून चर्मपत्रावर रंगीत चित्र. मग तेच चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे. पत्र्याला शाई लावून छाप घ्यायचा आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवायची. ओल्या छापावर दुसरा कागद दाबला की रेषा फिकट उमटतात, त्यावर रंग दिले की चित्र छापील वाटतच नाही. अशा महाग प्रतीही ती करून द्यायची. लाकडी डब्यांतल्या अळ्यांना रोज ताजे पान घालावे लागते ते वेगळेच. घरात दोन मुली, स्वयंपाकपाणी, आणि जोडीला हा प्रपंच.

मग तिच्या आयुष्यात एक असे वळण आले की आपल्यासारख्या पांढरपेशा माणसाला ते पचायला जड जाते. सावत्र वडील १६८१ मध्ये वारले. आईच्या मदतीसाठी आणि वारसाहक्काच्या भानगडी मिटवण्यासाठी ती फ्रँकफर्टला परतली. तिथून १६८५ मध्ये म्हातारी आई आणि दोन मुली यांना घेऊन ती थेट हॉलंडच्या उत्तरेला विउवर्ड नावाच्या गावी एका पंथाच्या मठात दाखल झाली. लाबादी पंथ. खाजगी मालमत्ता नाही, दागदागिने नाहीत, साधे कपडे, सगळ्यांची एकत्र पंगत. तिचा सावत्र भाऊ कास्पर आधीच तिथे होता. नवरा न्यायला आला, ती गेली नाही. पुढे १६९२ मध्ये घटस्फोट झाला. तिने माहेरचे नाव पुन्हा लावले ते कायमचे.

हे तिने भक्तीपोटी केले की नकोशा संसारातून सुटायला केले, यावर चरित्रकारांत वाद आहेत. माझे आपले मत असे की दोन्ही असेल. माणूस एकाच कारणासाठी घर सोडत नाही. मठात राहून तिने लॅटिन शिकून घेतले, बेडकाच्या वाढीचा अभ्यास केला. आणि मठाच्या कपाटात दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीतून आलेली मोठमोठी निळी फुलपाखरे टाचून ठेवलेली तिने पाहिली. ज्या वाड्यात मठ होता, त्या घराण्याचाच माणूस सुरीनामचा गव्हर्नर होता आणि पंथाने तिकडे एक मळाही काढला होता.

१६९० मध्ये आई गेली. पुढच्या वर्षी मुलींना घेऊन मारिया ॲमस्टरडॅमला आली. तेव्हाचे ॲमस्टरडॅम म्हणजे जगाची पेढी. डच कंपनीची जहाजे तिथे लागत आणि त्यातून मसाल्यांबरोबर शंखशिंपले, वाळवलेले किडे, बाटलीतले साप येत. श्रीमंतांच्या घरी असल्या वस्तूंची खास दालने असत. इथे थोडे विषयांतर करतो, कारण मला ते फार आवडते. त्याच सुमारास, १६७८ ते १६९३ या काळात, ॲमस्टरडॅमला मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा एक महाग्रंथ छापला जात होता. नाव होर्तुस मलबारिकुस. कोचीनच्या डच गव्हर्नरने तो तयार करवला. त्यात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे साहाय्य होते. त्यांचे कोंकणी निवेदन त्या ग्रंथात चक्क नागरी लिपीत छापले आहे! त्या ग्रंथावर टिपा लिहिणाऱ्या यान कोमेलिनचा पुतण्या कास्पर कोमेलिन याने पुढे मारियाच्या पुस्तकातल्या झाडांना लॅटिन नावे दिली. म्हणजे आपली नागरी अक्षरे आणि मारियाची फुलपाखरे एकाच गावच्या छापखान्यांतून बाहेर पडली.

असो. तर ॲमस्टरडॅमच्या त्या दालनांत तिला हजारो किडे पाहायला मिळाले, आणि त्यातून तिची चिडचिडच झाली. सगळे मेलेले, टाचलेले, रांगेत लावलेले. हा कुठल्या झाडावर होता, काय खात होता, लहानपणी कसा दिसत होता, याचा कुठेच पत्ता नाही. माणसाचा फक्त मृत्यूचा दाखला हातात यावा आणि बाकी आयुष्याची काहीच नोंद नसावी, तसा प्रकार. तेव्हा तिने ठरवले की स्वतःच जायचे.

जायचे कसे? त्या काळात निसर्गाच्या अभ्यासासाठी दूरदेशी जाणारे लोक राजाच्या, कंपनीच्या किंवा मिशनच्या पैशावर जात. हिच्यामागे कोणी नव्हते. १६९९ मध्ये तिने आपली २५५ चित्रे विकायला काढली. मृत्युपत्र करून मुलींना वारस नेमले. आणि एकवीस वर्षांच्या धाकट्या डोरोथेयाला बरोबर घेऊन सुरीनामच्या जहाजात चढली. बँकेत मी पुष्कळ कर्जप्रस्ताव पाहिले. ५२ वर्षांची घटस्फोटित अर्जदार, उत्पन्न अनियमित, तारण जलरंगातली चित्रे, कर्जाचे कारण अळ्यांचा अभ्यास. असा प्रस्ताव कुठल्याही शाखेत पहिल्याच टेबलावरून परत गेला असता. तिने कोणाच्या टेबलासमोर उभेच राहायचे नाही असे ठरवले, हे बरे केले.

सुरीनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाची डचांची वसाहत. १६६७ च्या तहात इंग्रजांनी ती डचांना दिली आणि बदल्यात आजचे न्यूयॉर्क स्वतःकडे ठेवले. सौदा कोणाला फायद्याचा पडला ते आपण जाणतोच. (याच सुरीनामला पुढे १८७३ पासून कलकत्त्याहून आपले गिरमिटिये नेले गेले, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.) मारिया गेली तेव्हा तिथे उसाचे मळे होते आणि मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. उन्हाळा, पाऊस, डास आणि दमट हवा. पारामारिबो गावात घर घेऊन तिने काम सुरू केले. मळेवाले तिची टिंगल करत. साखर सोडून दुसरे काही शोधायला कोणी या देशात येते का, असा त्यांचा सवाल. आपल्या श्रीरामपूर-कोपरगावकडच्या बागायतदाराला अळ्या पाहणाऱ्या पाहुण्याबद्दल काय वाटेल याची कल्पना केली की मळेवाल्यांचा फार राग येत नाही. पण तिचा सवालही बिनतोड होता. नुसता ऊस लावता, बाकी या मातीत काय काय येते ते कधी पाहिले का?

तिने पाहिले. अननसावर झुरळे काढली, कारण ती अननसाची नासाडी करत. पेरू, पपई, केळी, काजू, डाळिंब, कापूस, एरंड, रताळी, सगळे तिच्या चित्रांत आहे आणि प्रत्येकावर कोणी ना कोणी खाणारा आहे. पहिल्यांदा ही चित्रे पाहिली तेव्हा ती मला परदेशातली वाटलीच नाहीत. अर्धा मंगळवारचा बाजार त्यात आहे. पेरू, पपई, अननस, काजू ही सगळी अमेरिकेहून पोर्तुगिजांच्या मार्गाने आपल्याकडे आलेली. राहात्याच्या, संगमनेरच्या डाळिंबवाल्याला सुरसा अळी काय चीज आहे हे सांगावे लागत नाही. फळ पोखरून ती आत बसते. त्या शेतकऱ्याला शत्रूची सगळी कुंडली तोंडपाठ असते. मारियाने ही कुंडली मांडायची रीत घालून दिली, फक्त तिच्या मनात वैर नव्हते.

आणि एक झाड आपल्या गेटाजवळच उभे आहे. शंकासूर. लाल-पिवळ्या फुलांचा, गुलमोहराचा धाकटा भाऊ दिसावा असा. मारियाने सुरीनाममध्ये हा शंकासूर काढला, त्याच्यावर हिरवी अळी, कोष आणि पतंग काढला, आणि बाजूच्या मजकुरात अळीपेक्षा भयंकर गोष्ट लिहून ठेवली. गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी घेत. आपल्या पोटी येणारे मूल जन्मापासून गुलाम होऊ नये म्हणून. डच मालकांची वागणूक इतकी वाईट की काहीजणी जीवही देत, मेल्यावर आपल्या मुलखात, आपल्या माणसांत, मोकळे होऊन जन्म मिळेल या आशेने. हे तिला कोणी कागदावर वाचून दाखवले नव्हते. त्या बायकांनीच सांगितले होते.

मी हा मजकूर वाचला त्यानंतर बरेच दिवस सकाळी दूध आणायला जाताना त्या झाडाकडे पाहावेसे वाटले नाही. कीटकांच्या पुस्तकात, विकत घेणारे सगळे श्रीमंत डच असताना, ही बाई हे छापते. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. आणि तरीही ती काही संत नव्हती. तिच्या स्वतःच्या दिमतीला गुलाम होते, आणि जंगलात वाट तोडायला, अळ्या-मुळ्या आणून द्यायला, नदीतून वर न्यायला त्यांचे आणि तिथल्या मूळ रहिवाशांचेच हात होते. त्यांनी सांगितले म्हणून लिहिते, असे ती प्रामाणिकपणे नोंदवते, पण त्यांची नावे मात्र देत नाही. होर्तुस मलबारिकुसमध्ये आपल्या तीन वैद्यांची नावे आहेत. सुरीनामच्या त्या बायकांची नाहीत.

पाच वर्षे राहायचा बेत होता म्हणतात. दोन वर्षांतच तापाने तिला आडवे केले. बहुधा मलेरिया. जून १७०१ मध्ये ती परत निघाली. बरोबर मुलगी, एक सुरीनामची मूळनिवासी बाई, दारूत बुडवून ठेवलेले साप आणि मगरीचे पिल्लू, वाळवलेली फुलपाखरे आणि चर्मपत्रावरची चित्रे. ॲमस्टरडॅमला आल्यावर नमुने विकून, वर्गणीदार जमवून, उत्तम खोदकाम करणाऱ्यांना कामाला लावून तिने सुरीनामच्या कीटकांचे थोरले पुस्तक काढले. १७०५ साल, साठ चित्रे, लॅटिन आणि डच अशा दोन आवृत्त्या, आकार आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरएवढा. पुस्तक निघाल्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या भिंगारच्या छावणीत औरंगजेबाने डोळे मिटले. त्या म्हाताऱ्याने पंचवीस वर्षे दख्खन तुडवून काय मिळवले आणि या म्हातारीने दोन वर्षांत काय मिळवले, अशी तुलना करायचा मोह होतो. पण ती जाऊ द्या.

तिच्या पुस्तकातले सगळेच बरोबर होते असे नाही. पेरूच्या फांदीवर एका मोठ्या कोळ्याने गुंजन करणारा चिमुकला पक्षी मारून खायला घेतल्याचे चित्र आहे. त्याच चित्रात पाने कापणाऱ्या मुंग्या आणि फौजेसारख्या चालून जाणाऱ्या मुंग्या अशा दोन जातींच्या सवयी तिने एकीच्याच नावावर घातल्या आहेत. दिव्याचा किडा म्हणून ओळखला जाणारा एक मोठ्या डोक्याचा कीटक रात्री इतका उजळतो की त्या उजेडात वाचता येईल, असेही ती लिहून बसली. तो कीटक उजळत नाही. आपल्या भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजव्यांनी लगडलेली झाडे पाहायला लोक जातात, ते तिने पाहिले असते तर खरा उजेड कशाला म्हणतात ते कळले असते. या चुकांवर तिच्या टीकाकारांनी शे-सव्वाशे वर्षांनी चांगलाच हात धुऊन घेतला. कॅरिबियन बेटांवरच्या गिल्डिंग नावाच्या एका पाद्र्याने १८३४ मध्ये तिचे वाभाडे काढले. स्वतः सुरीनामला न जाता, आणि तिच्या मृत्यूनंतर निघालेली, रंग बिघडलेली आवृत्ती समोर ठेवून. पक्षी खाणारा कोळी ही तर बाईमाणसाची कल्पना, असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. १८६३ मध्ये हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गतज्ज्ञाने ॲमेझॉनच्या जंगलात कोळ्याने पक्षी मारल्याचे स्वतः पाहून लिहिले, तेव्हा तोंडे बंद झाली. दरम्यान लिनियस या थोर शास्त्रज्ञाने कित्येक जातींना नावे देताना तिचीच चित्रे आधाराला घेतली होती, ही गोष्ट टीका करणारे सोयीस्कर विसरले.

शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली. १७१५ मध्ये अर्धांगाचा झटका आला. १३ जानेवारी १७१७ ला ॲमस्टरडॅममध्ये ती वारली. सरकारी नोंदीत तिला निर्धन लिहिले आहे. आणि त्याच सुमारास रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट शहरात होता. त्याच्या माणसाने तिची चित्रे मोठ्या संख्येने विकत घेतली. धाकटी डोरोथेया दुसऱ्या नवऱ्याबरोबर, चित्रकार ग्सेलबरोबर, सेंट पीटर्सबर्गला गेली आणि सम्राटाच्या संग्रहालयात कामाला लागली. आईच्या अळ्यांच्या पुस्तकाचा तिसरा भागही तिनेच काढला. तिची मुलगी, म्हणजे मारियाची नात सालोमे, हिच्याशी थोर गणिती ऑयलर याने उतारवयात दुसरे लग्न केले. थोरली योहाना हेलेना नवऱ्याबरोबर सुरीनामलाच जाऊन राहिली. दोन्ही मुली आईच्या हाताखाली तयार झालेल्या चित्रकार. आईच्या नावाची कोणती चित्रे खरोखर कोणाच्या हातची, यावर तज्ज्ञ आजही भांडतात.

२०१६ मध्ये लंडनला मुलाकडे गेलो होतो. बकिंगहॅम राजवाड्याच्या कलादालनात मारियाच्या फुलपाखरांचे प्रदर्शन भरले होते. राजा तिसरा जॉर्ज याने विकत घेतलेला तिच्या चित्रांचा संच राजघराण्याकडे आहे. काही भाग छापलेला आणि बाकीचा हाताने रंगवलेला, चर्मपत्रावरचा. तीन शतकांनंतरही रंग असे की परवा काढल्यासारखे. सगळ्यात जास्त वेळ मी अननसासमोर उभा राहिलो. शेजारी एक शाळेची सहल होती. पोरे मारे खूश होती, झुरळे मोजत होती. आठ वर्षे आधी, २००८ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या रेम्ब्रांट संग्रहालयाने आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने आई आणि दोन मुली अशा तिघींच्या कामाचे प्रदर्शन भरवले होते. मुलींना आईच्या शेजारी जागा मिळाली, ते योग्यच झाले. आता जर्मनीचे एक संशोधन जहाज तिच्या नावाचे आहे, दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या घोरपडीसारख्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात ती आहे, अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर तिचा अननस येऊन गेला आहे.

मला हे नाव पहिल्यांदा कुठे भेटले ते सांगायचे राहिलेच. नव्वदच्या दशकात परकीय चलनाच्या काउंटरवर होतो. एका गृहस्थाने पाचशे जर्मन मार्कांची नोट पुढे केली. एवढी मोठी नोट क्वचित येई, म्हणून नमुन्याच्या पुस्तकाशी ताडून पाहिली. पुढे एका बाईचे चित्र, पालटून पाहिले तर रानफुलाचे झाड, त्यावर अळी आणि पतंग. राजा नाही, राणी नाही, सेनापती नाही. देशाच्या नोटेवर अळी! ही बाई कोण, हे तेव्हा काउंटरवर कोणालाच सांगता येईना. १९९२ मध्ये निघालेली ती नोट युरो आल्यावर २००२ मध्ये चलनातून गेली. पण जर्मन मध्यवर्ती बँक जुने मार्क आजही बदलून देते, मुदत नाही. दर ठरलेला, एका युरोला १.९५५८३ मार्क. आकडेमोडीची सवय सुटत नाही म्हणून एकदा हिशोब केला. तिच्या चित्राच्या नोटेचे २५५ युरो ६५ सेंट येतात. सुरीनामला जाण्यासाठी तिने विकायला काढलेली चित्रेही २५५ च होती.